सहावी ते आठवीच्या मुलांना प्रयोग आखायला कसं शिकवावं?

कागल तालुक्यातल्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे: "मी सहावी ते आठवीला विज्ञान शिकवतो. वर्गात पन्नासेक मुलं, प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, तासिका ३५ मिनिटांची. पुस्तकातला प्रयोग मुलं व्यवस्थित करून दाखवतात. पण 'हेच तुला स्वतःला शोधायचं असतं तर काय केलं असतंस?' असं विचारलं की सगळा वर्ग गप्प. वैज्ञानिक पद्धतीचा सराव नेमका घ्यायचा कसा?"

सर, मुलं गप्प बसतात याचं कारण पुस्तकातल्या 'करून पहा'मध्येच आहे. काय घ्यायचं, किती घ्यायचं, किती वेळ थांबायचं, कशाकडे बघायचं, हे सगळं तिथं आधीच ठरलेलं असतं. बऱ्याचदा पुढच्याच ओळीत निष्कर्षही असतो. मुलाच्या वाट्याला उरते ती नुसती कृती. प्रयोग आखायचा म्हणजे निर्णय घ्यायचे, आणि जे निर्णय कधी घ्यायलाच मिळाले नाहीत त्यांची सवय लागणार कुठून? म्हणून माझं सगळं सांगणं एका गोष्टीभोवती आहे: पुस्तकानं घेतलेले निर्णय एकेक करून मुलांच्या हाती सोपवा. सगळे एकदम नकोत. 'आता तुम्हीच एक प्रयोग शोधून काढा' म्हटलं की मुलं मोबाइलवर व्हिडिओ शोधतात आणि तो जसाच्या तसा करून आणतात. त्यात त्यांनी ठरवलेलं काहीच नसतं.

सहावीत मटकीपासून सुरुवात करा. प्रत्येक घरात असते, स्वस्त असते आणि दोन दिवसांत निकाल देते. प्रश्न तुम्हीच द्या: कोमट पाण्यात भिजवलेल्या मटकीला गार पाण्यातल्या मटकीपेक्षा लवकर मोड येतात का? कृतीही सांगून टाका. दोन वाट्या, सारखे दाणे मोजून घ्यायचे, रात्रभर भिजवायचे, सकाळी ओल्या फडक्यात बांधायचे. एकच निर्णय वर्गावर सोडा: 'मोड आला' असं केव्हा म्हणायचं?

यावर वर्ग अख्खी तासिका भांडतो. एक म्हणतो साल फुटली की आला. दुसरी म्हणते पांढरं टोक दिसलं पाहिजे. तिसऱ्याचं म्हणणं, आई उसळीला घेते तेवढा लांब झाला की मोड. तुम्ही मध्ये पडू नका. मोड यायला लागलेल्या दाण्यांची एकच वाटी तीन गटांकडे फिरवा आणि प्रत्येकानं आपल्या नियमानं मोजलेला आकडा फळ्यावर लिहायला लावा. वाटी तीच आणि आकडे तीन, हे डोळ्यांसमोर आलं की मुलं आपणहून एक नियम ठरवायला बसतात. 'मूळ २ मिलिमीटर किंवा जास्त बाहेर आलं असेल तर मोड आला' असं काहीतरी ठरतं. तो २ असो की ३, मला त्याचं काही नाही. नियम मोजण्याआधी ठरला, सगळ्यांनी तोच वापरला आणि दुसऱ्या शाळेतल्या मुलाला तो वाचून तसंच मोजता येईल, एवढं जमलं की सहावीचं मोठं काम झालं.

याच प्रयोगात गणंग दाणेही भेटतात. काही मटकी कितीही भिजवली तरी दगडासारखीच राहते. ते दाणे मोजायचे की वगळायचे? वगळायचे तर आधी काढायचे की नंतर? मुलांना ठरवू द्या आणि कारण लिहायला लावा. निकाल मनासारखा येत नाही म्हणून नंतर दाणे वगळणं का चालणार नाही, ही चर्चा याच वयात व्हायला हवी. विज्ञानातला प्रामाणिकपणा मुलांना इथं हाताला लागतो. त्यावर वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

आता सगळ्यात मोलाची गोष्ट सांगतो, कारण बहुतेक वर्गांत हीच सुटते. गार आणि कोमट यांची तुलना करण्याआधी एकदा गार आणि गार यांची तुलना करा. म्हणजे दोन वाट्या, दोन्हींत तेच पाणी, त्याच पुडीतली मटकी, तेवढेच दाणे, एकाच ठिकाणी ठेवलेल्या. मुलं म्हणतात, "सर, यात काय बघायचं? दोन्ही सारखेच येणार." वहीत तसा अंदाज लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी मोजलं की समजा २० दाण्यांपैकी एका वाटीत १७ आणि दुसरीत १४ दाण्यांना मोड आलेले निघतात. काहीच बदललं नव्हतं, तरी तीनचा फरक! मग कोमट पाण्याच्या वाटीत १८ आले तर ते कोमट पाण्यामुळेच, असं म्हणता येईल का? हा प्रश्न मुलांच्या तोंडून यावा यासाठीच हा सगळा खटाटोप. एकदा तो आला की 'दाणे जास्त घेऊया', 'सगळ्या गटांचे आकडे एकत्र करूया', 'पुन्हा करून बघूया' हे उपाय मुलंच सुचवतात. १० दाण्यांत एक दाणा इकडचा तिकडे झाला तर १० टक्क्यांची उडी पडते, ५० दाण्यांत २ टक्क्यांची, हा हिशेब सहावीच्या मुलाला सहज करता येतो. प्रयोग पुन्हा का करायचा याचं कारण 'पुस्तकात तीन वेळा करायला सांगितलंय म्हणून' यापलीकडे जातं ते या गार-गार वाट्यांमुळे. पन्नास मुलांचे दहा गट असले तर एका दिवसात दहा वेळा प्रयोग होतो. मोठा वर्ग इथं अडचण न ठरता सोय ठरतो.

सातवीत दुसरा निर्णय द्या: एका वेळी काय बदलायचं आणि बाकीचं सारखं कसं ठेवायचं. याला लंबकासारखं साधन नाही. दोरा, मोजपट्टी, मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि बोल्टवर बसतात तसे एक-दोन लोखंडी नट. कोल्हापुरात नटांना तोटा नाही. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या कारखान्यांत कुणाचे ना कुणाचे वडील कामाला असतातच. प्रश्न असा: लंबकाच्या झोक्याला लागणारा वेळ कशावर ठरतो? वजनावर, दोऱ्याच्या लांबीवर, की किती लांब ओढून सोडला त्यावर?

बहुतेक मुलांचा अंदाज असतो वजन. मग ती एका नटाखाली दुसरा नट बांधतात, आणि खरंच वेळ थोडा वाढतो. "बघा सर, वजनानं फरक पडला!" इथं घाईनं दुरुस्ती करू नका. त्यांना टांगलेल्या बिंदूपासून नटांच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही वेळा मोजायला सांगा. दुसरा नट खाली लोंबकळल्यामुळे वजनाबरोबर लांबीही वाढलेली असते. एकच गोष्ट बदलतोय असं वाटत असताना दुसरी गुपचूप बदलली, हे मुलानं स्वतः पट्टीवर वाचलं की ते पुढं विसरत नाही. मग नट एकाच पातळीवर शेजारी शेजारी बांधून पुन्हा करतात आणि वजनाचा फरक नाहीसा होतो. लांबीचा मात्र चोख दिसतो: २५ सेंटिमीटरच्या दोऱ्याला दहा झोक्यांना जवळजवळ १० सेकंद आणि १ मीटरच्या दोऱ्याला जवळजवळ २० सेकंद. लांबी चौपट केली तर वेळ दुप्पट. झोका मोजायचा तो जाऊन-येऊन एक, आणि लंबक साधारण २० अंशांपेक्षा जास्त ओढायचा नाही. एखादा गट ६० अंशांपर्यंत ओढून 'वेळ थोडा वाढला' म्हणाला तर त्याचं म्हणणं खरं आहे. त्या कोनात सुमारे ७ टक्क्यांची वाढ होते. त्याला चूक ठरवू नका, उलट वर्गाला पुन्हा मोजायला लावा.

दहाच झोके का? मुलांना आधी एकच झोका मोजू द्या. बोट दाबायला पाव सेकंद उशीर झाला तर १ सेकंदाच्या झोक्यात तो केवढा मोठा, आणि दहा झोक्यांत तोच दहापट लहान. इथं फाउंड्रीत किंवा लेथवर काम करणाऱ्या एखाद्या पालकांना वर्गात बोलवा. जॉबच्या ड्रॉइंगवर मापापुढं 'प्लस-मायनस' का लिहितात, व्हर्नियर एकाच जागी दोनदा लावला तरी वाचन किंचित वेगळं का येतं, हे ते जसं सांगतील तसं पुस्तकातून कळणार नाही. आपल्या वडिलांचं रोजचं काम हेच मोजमापाचं शास्त्र आहे, हे कळल्यावर त्या मुलाच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघण्यासारखं असतं.

एक शंका नेहमी येते: मुलांना स्वतः शोधू द्यायचं, की 'एका वेळी एकच गोष्ट बदला' हे सरळ सांगून टाकायचं? माझं मत स्पष्ट आहे. सांगा. झे चेन आणि डेव्हिड क्लार या संशोधकांनी १९९९ साली दुसरी ते चौथीच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. उतार, स्प्रिंग आणि पाण्यात बुडणाऱ्या वस्तू अशी साधी साधनं. नुसते प्रश्न विचारून सोडलेल्या मुलांपेक्षा, उदाहरणं देऊन तत्त्व समजावलं आणि जोडीला प्रश्नही विचारले, त्या मुलांना हे कसब चांगलं जमलं. दुसरीतली मुलं शिकू शकतात तर सातवीतली का नाही? पण सांगण्याची वेळ महत्त्वाची. मुलानं आधी एकदा आखणी करून बघितलेली असावी, दोन नटांसारखा पेच त्याच्यासमोर आलेला असावा, मग सांगितलेलं तत्त्व पक्कं बसतं.

३५ मिनिटांच्या तासिकेसाठी माझं सगळ्यात उपयोगी साधन कागदाचं आहे. फळ्यावर एक बिघडलेली आखणी लिहायची आणि गटागटानं तिच्यातले दोष काढायचे. नमुना देतो: 'गूळ साखरेपेक्षा लवकर विरघळतो का हे बघण्यासाठी एका मुलानं गरम पाण्याच्या पेल्यात गुळाचा खडा टाकला. दुसऱ्या पेल्यात थंड पाणी घेऊन चमचाभर साखर टाकली आणि ढवळली. साखर आधी विरघळली. म्हणून साखर गुळापेक्षा लवकर विरघळते.' तापमान, ढवळणं, खडा आणि दाणे, वजन, पाण्याचं माप, एकदाच केलेला प्रयोग. मुलं पाच-सहा दोष काढतात. मग विचारा, यातला सगळ्यात मोठा दोष कोणता आणि तो दुरुस्त करायला काय लागेल? सामान काही लागत नाही, सांडलवंड होत नाही, आणि आखणी तपासायची नजर तयार होते. आठवड्याला अशी एक घेतली तरी वर्षभरात वर्ग बदलतो. पुढं मुलांनाच मुद्दाम बिघडवलेल्या आखण्या लिहायला सांगा. दोष लपवायचा तर तो आधी कळावा लागतो.

गुऱ्हाळं सुरू झाली की, म्हणजे दिवाळीच्या आसपासपासून, हाच धागा प्रत्यक्षात आणता येतो. कोल्हापूरचा गूळ म्हणजे मुलांचा हक्काचा विषय. काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, उसाचा रस उकळताना भेंडीचा रस टाकून वर येणारी मळी काढतात, हे बहुतेक मुलांनी बघितलेलं असतं. भेंडीच्या रसानं मळी खरंच जास्त निघते का, हे उकळत्या काहिलीपाशी तपासायची गरज नाही आणि मुलांना तिच्या जवळही जाऊ देऊ नका. पण गुळव्याला, म्हणजे गूळ करणाऱ्या माणसाला, काय विचारायचं याची यादी मुलांना वर्गात करू द्या: किती रसाला किती भेंडी, केव्हा टाकता, नाही टाकली तर काय होतं, तुम्ही हे कशावरून ठरवता? आयुष्य काहिलीपाशी काढलेल्या माणसाकडे निरीक्षणांचा मोठा साठा असतो. त्यातलं कुठलं तपासून बघता येईल, हे ठरवणं हे मुलांचं काम. गढूळ पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन एकीत भेंडीचा चिकट रस घालून गाळ कोणत्या बाटलीत लवकर बसतो, एवढं वर्गात सहज बघता येतं. फक्त दुसऱ्या बाटलीत तेवढंच साधं पाणी घालायला विसरू नका. ते का घालायचं, हेही मुलांना विचारा.

आता योगायोगाबद्दल. मुलं एका यशावर पटकन विश्वास ठेवतात. मोठी माणसंही ठेवतात. दूध कट्ट्यावर समोर पिळून मिळणारं धारोष्ण दूध आणि पिशवीतलं दूध चवीवरून ओळखू शकतो, असं म्हणणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. त्यांची परीक्षा घ्या. दोन्ही दुधं उकळून, एकाच तापमानाला आणून, एकसारख्या पेल्यांत. आठ पेले, प्रत्येक पेल्यात कोणतं दूध ओतायचं ते नाणं उडवून ठरवायचं, ओतणारा एक आणि पेला हातात देणारा दुसरा, म्हणजे देणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनही उत्तर कळायला नको. त्याआधी सगळ्या वर्गाला चव न घेताच आठ उत्तरं लिहायला लावा. ४० मुलांच्या वर्गात नुसत्या अंदाजानं आठपैकी सहा किंवा जास्त बरोबर येणारी पाच-सहा मुलं सहज निघतात. चव घेऊन सहा बरोबर आले तर त्याला ओळखता येतं असं म्हणायचं का? मुलांना त्याच क्षणी कळतं की थोडं थांबायला हवं. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी याच धर्तीवर आठ कप चहाची परीक्षा मांडली होती: चार कपांत दूध आधी, चारांत चहा आधी. चवीवरून दूध आधी ओतलेले चार कप ओळखायचे. चारही कप नुसत्या नशिबानं बरोबर निवडले जायची शक्यता ७० मध्ये १. (कुणाला दूध सोसत नसेल तर त्याला ओतणाऱ्याचं काम द्या, आणि पेले घरचे वापरा. प्रयोगशाळेचं काचसामान तोंडाला लावायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून.)

आठवीच्या मुलांना इथंच जयंत नारळीकरांचा प्रयोग सांगावा. नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, १९३८ सालचा. २००८ मध्ये त्यांनी नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासोबत फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार शंभर मुलांच्या आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या शंभर मुलांच्या जन्मपत्रिका मिसळून प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका दिल्या: यातली कोणती कोणत्या गटातली, सांगा. २७ जणांनी उत्तरं पाठवली आणि सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली. नाणं उडवलं असतं तरी ५० टक्क्यांच्या आसपास आली असती. मुलांना निकाल आधी सांगू नका. आधी आखणी त्यांच्याकडून करून घ्या: किती पत्रिका द्याल, कोणाला काय माहीत असता कामा नये, किती बरोबर आले तर मान्य कराल? मग खरी आखणी फळ्यावर मांडा. आपल्या आखणीतले दोन-तीन निर्णय मोठ्या शास्त्रज्ञांच्या निर्णयांशी जुळले की आठवीच्या मुलाची छाती फुगते, आणि ती फुगायलाच हवी.

काही ठिकाणी प्रयोग करताच येत नाही, पण वैज्ञानिक पद्धत तिथंही लागते. पावसाळ्यात कोल्हापुरातलं प्रत्येक घर पंचगंगेच्या पातळीकडे डोळे लावून असतं. राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे आकडे मुलांना पाठ असतात. पाऊस कमी-जास्त करणं आपल्या हातात नाही. मग रोजच्या नोंदी ठेवायच्या: गगनबावडा आणि राधानगरीचा पाऊस, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, बंधाऱ्याची पातळी. वर्गात तक्ता लावा आणि रोज एका गटाला उद्या सकाळची पातळी किती असेल ते लिहून, सही करून चिकटवायला सांगा. अंदाज चुकला की कारण शोधायचं. वरच्या भागात पडलेला पाऊस शहरापाशी यायला वेळ लागतो, हे मुलांना त्या तक्त्यातूनच सापडतं. आपल्या शाळेचं पर्जन्यमापकही करा, बाटली आणि नरसाळं घेऊन. दोन करा. एक मोकळ्यावर आणि एक पागोळीजवळ ठेवून आकड्यांची तुलना केली की साधन कुठं ठेवतो यावरही उत्तर ठरतं, हे कुणी सांगावं लागत नाही.

दुसरं उदाहरण कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरातल्या किरणोत्सवाचं. मावळतीची किरणं गाभाऱ्यात मूर्तीपर्यंत पोचतात ती ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. वर्षातून दोनदाच का, आणि याच तारखांना का? मुलांना कॅलेंडर द्या आणि दोन्हींच्या मधला दिवस शोधायला सांगा. तो येतो २१-२२ डिसेंबरच्या आसपास, सर्वांत लहान दिवसापाशी. दोन्ही बाजूंना साधारण ४२ दिवस. सूर्य दक्षिणेकडे सरकताना क्षितिजावरच्या त्या जागी एकदा मावळतो आणि परत येताना पुन्हा एकदा. हे तपासायला शाळेची गच्ची पुरते. एकाच जागी उभं राहून दर आठवड्याला सूर्य कोणत्या झाडामागं, कोणत्या टाकीमागं मावळतो ते रेखाटायचं, सूर्याकडे टक लावून न बघता. नोव्हेंबरमधली खूण फेब्रुवारीच्या आरंभी पुन्हा जुळते का, याचा अंदाज आधी लिहायचा आणि तीन महिने वाट बघायची. घोकंपट्टीनं उत्तर पाठ करणाऱ्या मुलांना तीन महिने एका प्रश्नाला धरून ठेवण्याचा अनुभव फार गरजेचा आहे.

आठवीत शेवटचा आणि सर्वांत अवघड निर्णय द्या: प्रश्न. मुलांचे पहिले प्रश्न 'का'चे असतात आणि फार मोठे असतात. 'रंकाळा तलावाचं पाणी हिरवं का होतं?' हा उत्तम प्रश्न आहे, पण वर्गात तपासता येत नाही. त्याला छोटा करायला मदत करा. उन्हात ठेवलेली बाटली आणि झाकून ठेवलेली बाटली यांत हिरवेपणा सारखाच वाढतो का? चिमूटभर खत घातलं तर? हे तपासता येतं. पाणी मोठ्या माणसानं आणायचं, बाटल्या घट्ट बंद ठेवायच्या आणि हात धुवायचे. प्रश्न छोटा करणं म्हणजे त्याचा अपमान नाही, हे मुलांना सांगावं लागतं. पुष्कळ मुलांना मोठा प्रश्न सोडून द्यायला जिवावर येतं.

गणेशोत्सवाआधी, मूर्तीची शाडू माती आणि प्लास्टर ऑफ पॅरिस यांतलं पाण्यात काय विरघळतं, हा प्रश्न तर आपोआपच येतो. कोल्हापुरात बापट कॅम्पात किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत एक फेरी मारली की शाडू मिळतो. दोन्हींचे सारख्या वजनाचे गोळे करायचे, पूर्ण वाळवायचे, सारख्या बादल्यांत, सारख्या पाण्यात ठेवायचे. इथं पुन्हा सहावीतला प्रश्न उभा राहतो: 'विरघळला' केव्हा म्हणायचं? शाडू खरं तर विरघळत नाही, तो विस्कटून तळाशी बसतो. फडक्यातून गाळून, वाळवून तोलला तर जवळजवळ सगळा परत मिळतो. प्लास्टर कडक राहतं, पण त्याचाही अगदी थोडा भाग पाण्यात उतरतो, लिटरला साधारण दोन ग्रॅमपर्यंत. म्हणजे पाणी किती घेतलं यावरही उत्तर अवलंबून. 'शाडू विरघळतो, प्लास्टर विरघळत नाही' हे पोस्टरवरचं वाक्य आणि बादलीत दिसलेलं यांत फरक पडला तर वहीत बादलीतलं लिहायचं.

गुण कशाला द्यायचे? मी वहीची दोन पानं बघतो. पहिलं पान प्रयोगाआधीचं, पेननं आणि तारीख घालून: प्रश्न, अंदाज, अंदाजाचं कारण, काय बदलणार, काय मोजणार, काय सारखं ठेवणार, किती वेळा करणार. दुसरं पान नंतरचं: आकडे खोडाखोडीसकट, आलेख, आणि 'पुन्हा करायचं झालं तर काय बदलेन' याच्या चार ओळी. अंदाज चुकला म्हणून एकही गुण कापायचा नाही. मुलं अंदाज मागाहून खोडून बरोबर करतात, त्याचं कारण आपण बरोबर अंदाजाला शाबासकी देतो. मध्य प्रदेशात १९७२ साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात नेमक्या याच सहावी ते आठवीच्या मुलांची परीक्षा पुस्तक उघडं ठेवून आणि प्रात्यक्षिकासह होत असे. तुमच्या घटक चाचणीत एक तरी प्रश्न तसा घाला: एक अनोळखी आखणी द्या आणि दोष काढायला सांगा. पाठांतरानं तो सुटत नाही, आणि वर्षभर गप्प बसणारी काही मुलं तिथं चमकतात.

विज्ञान प्रदर्शनाबद्दल थोडंच. सिरिंजवर चालणारा जेसीबी किंवा धरणाची प्रतिकृती करायला कौशल्य लागतं, ते जरूर करावं. पण तो प्रयोग नाही. प्रदर्शनात एक टेबल तरी असं असू द्या जिथं फक्त वही, तक्ता आणि मुलांनी केलेली मोजमापं आहेत, आणि बघायला येणाऱ्यांनी मुलांना 'हे तुम्हाला कशावरून कळलं?' एवढंच विचारायचं.

सुरुवात सोमवारी करायची तर बिघडलेल्या आखणीनं करा, मटकी बुधवारी. पाच-पाच जणांचे गट, आणि गटात मोजणारा, लिहिणारा, वेळ बघणारा, सामान सांभाळणारा आणि फक्त शंका काढणारा, अशी कामं. दर वेळी कामं बदलायची, शंका काढणाऱ्याची जागा तर जरूर. वाट्या कमी पडल्या तर पाण्याच्या बाटल्यांचे बूड कापून चालतात. फक्त सगळ्या बाटल्या एकाच मापाच्या घ्या, आणि त्या एकाच मापाच्या कशाला हव्यात ते मुलांनाच सांगू द्या.